संकट = धोका + संधी?? (चिनी लिपीवरचा धागा, चहा घेऊन बसा)

शाईबोटे

मंडळी, नमस्कार. खूप दिवसांनी धागा काढतेय. निमित्त असं की गेल्या आठवड्यात ऑफिसात एक ट्रेनिंग होतं आणि त्यात ट्रेनर सरांनी ती स्लाइड दाखवलीच, तुम्ही सगळ्यांनी बघितली असेल, की चिनी भाषेत संकट लिहायला दोन चित्रं काढतात, एक धोक्याचं आणि एक संधीचं, बघा किती थोर विचार वगैरे. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी दोन वर्षं संध्याकाळच्या क्लासला मँडरिन शिकलेय त्यामुळे माझ्या पोटात गोळा आला पण गप्प बसले.

तो शब्द आहे वेइची. पहिलं अक्षर वेइ म्हणजे धोका, ते बरोबर. दुसरं 'ची' म्हणजे संधी नाहीये हो. मुळात ती हातमागाची यंत्ररचना, मग त्यावरून कुठलंही यंत्र, आणि मग 'जिथून गोष्ट इकडे किंवा तिकडे कलंडते तो क्षण'. संधी या अर्थाच्या शब्दात ते येतं खरं पण तिथे त्याला जोडीला दुसरं अक्षर लागतं. तसं बघायला गेलं तर मोबाईलला चिनीत 'शौची' म्हणतात, शौ म्हणजे हात, आणि विमानाला 'फेइची', फेइ म्हणजे उडणं. तीच ची. मग मोबाईल म्हणजे हातातली संधी आणि विमान म्हणजे उडून गेलेली संधी का? (दुसरं पटू शकेल एकवेळ.) ही थाप नवी नाही, केनेडींनी १९५९ च्या भाषणात वापरली होती, तेव्हापासून मॅनेजमेंटवाले सोडायला तयार नाहीत.

पण मला खरं बोलायचंय ते वेगळंच. या सगळ्याच्या मुळाशी एक गैरसमज आहे की चिनी ही 'चित्रलिपी' आहे. आपल्याकडे शाळेच्या पुस्तकापासून हेच. चित्रापासून सुरुवात झाली हे मान्य, पण आज जी अक्षरं आहेत त्यातली ऐंशी टक्क्यांच्या वर अक्षरं चित्रं नाहीत, त्यांचा एक तुकडा अर्थाची दिशा दाखवतो आणि दुसरा तुकडा चक्क उच्चार सांगतो. त्याच 'ची'चं बघा, आजच्या रूपात डावीकडे झाड म्हणजे लाकूड (हातमाग लाकडाचा म्हणून) आणि उजवीकडे जे आहे ते नुसतं 'ची' असा आवाज करायला बसवलंय. संधीबिंधीचं चित्र कुठेही नाही.

इथे चिनी अक्षरं टाइप केली की अर्ध्या जणांना चौकोन दिसतात म्हणून शब्दांतच वर्णन करतेय. नावं पेपरात छापतात तशीच लिहीन, उच्चारावरून भांडू नका.

चहा_कम_बिस्कीट

मी पहिला! ट्रेनर सरांना सांगितलंस का मग?

शाईबोटे

एप्रिलनंतर सांगेन. सध्या अप्रेजल चालू आहे.

नुसताच_वाचक

लेख आवडला पण जरा अजून उलगडून सांगा ना. आवाजाचा तुकडा म्हणजे काय? आमच्या डोक्यात अजून सूर्य, चंद्र, डोंगर हीच चित्रं आहेत.

शाईबोटे

सूर्य चंद्र डोंगर घोडा मासा ही चित्रंच होती, ते बरोबर. पण गंमत बघा, चित्र काढून तुम्ही घोडा दाखवाल, 'ये' कसं दाखवणार? चिनीत येणं म्हणजे 'लाय'. आणि त्या काळी एका गव्हासारख्या धान्याला पण लाय म्हणायचे, त्याचं चित्र होतं, ओंबी आणि पानं असलेलं रोप. मग काय, आवाज सारखा म्हणून तेच चित्र 'ये'साठी वापरायला लागले. तसंच 'वान' म्हणजे दहा हजार, त्याचं अक्षर म्हणजे विंचू. दहा हजार विंचू नाहीत, नुसता आवाज उसना घेतलाय. माझ्या मते चिनी लिहिणं 'लिपी' झालं ते इथे, जेव्हा चित्राने स्वतःचा अर्थ सोडून दुसऱ्याच्या आवाजाची चाकरी धरली. त्याआधी नुसती खूण.

आता एकच चित्र दोन शब्दांना वापरलं की गोंधळ होणारच. म्हणून मग बाजूला एक अर्थाचा तुकडा लावायला लागले. घोडा म्हणजे 'मा'. घोड्याला बाई जोडली की 'मा' म्हणजे आई. घोड्याला तोंड जोडलं की 'मा' म्हणजे वाक्याशेवटी प्रश्न विचारताना आपण 'का?' म्हणतो ते. आईत घोडा फक्त आवाजापुरता आहे, सासवांबद्दल काही सुचवायचं नाहीये.

आजोबा_बोरिवलीकर

सौ. ने वाचून झाल्यावर विचारले की मग बाईचा तुकडा तरी आईसाठी का, बापासाठी घोडा का नाही. मी उत्तर दिले नाही.

विषय छान. मी वाचले होते की ही लिपी औषधाच्या दुकानात सापडली, ते खरे का?

शाईबोटे

काका, जवळजवळ. १८९९ साल, पेइचिंग. वांग यीरोंग नावाचे मोठे विद्वान, राजघराण्याच्या सर्वोच्च विद्यापीठाचे प्रमुख. गोष्ट अशी सांगतात की त्यांना मलेरिया झाला, औषधात 'ड्रॅगनची हाडं' उगाळून घ्यायला आणली आणि त्या हाडांवर त्यांना जुनी अक्षरं दिसली. मलेरियाचा भाग बहुधा नंतर चिकटवलेला आहे, पण हाडं औषध म्हणून विकली जात होती आणि वांगनी त्यांचं महत्त्व ओळखून ती गोळा करायला सुरुवात केली एवढं नक्की. पुढच्याच वर्षी परदेशी फौजा राजधानीत शिरल्या तेव्हा त्यांनी विहिरीत जीव दिला. त्यांच्याकडचा बराच संग्रह मग त्यांचे मित्र ल्यू अ यांच्याकडे गेला आणि त्यांनी १९०३ मध्ये ठसे छापून पुस्तक काढलं, ते या विषयावरचं पहिलं.

हाडं येतात कुठून हे व्यापारी सांगायचे नाहीत, चुकीचे पत्ते द्यायचे, धंदा आहे शेवटी. १९०८ च्या सुमारास लुओ झेन्यू यांनी छडा लावला, हनान प्रांतातलं आन्यांग, तिथलं श्याओथुन गाव. शेतात नांगराला हाडं लागायची. असंही सांगतात की दुकानदार खरवडलेली, कोरी हाडं मागायचे म्हणून गावकरी अक्षरं घासून काढायचे. किती गेली असतील विचार करवत नाही. मग १९२८ पासून रीतसर उत्खनन, आणि १९३६ मध्ये एकाच खड्ड्यात सतरा हजारांवर तुकडे मिळाले.

टिंबटिंब

त्या हाडांवर लिहिलंय काय पण? राजाची स्तुती?

शाईबोटे

अजिबात नाही, आणि म्हणूनच मला ती इतकी आवडतात. कामानिमित्त चेंगचौला गेले होते तेव्हा एक रविवार काढून ट्रेनने आन्यांगला गेले. काचेखाली कासवाचं पोटाकडचं कवच ठेवलंय, तळहाताहून जरा मोठं, तपकिरी, मध्ये शिवण असल्यासारखी उभी रेघ. मागच्या बाजूने ओळीत छोटे छोटे खळगे खोदलेले. ही हाडं शांग घराण्याच्या काळातली, त्या शांग राजाचा भविष्यवेत्ता काहीतरी विचारायचा, मग त्या खळग्यात तापलेलं टोक टेकवायचं, कवच टरकन तडकायचं आणि पुढच्या बाजूला भेग उमटायची, उभी रेघ आणि तिला एक आडवी फांदी. 'भविष्य बघणे' याचं अक्षर आजही तसंच आहे, उभी रेघ आणि एक फांदी. आणि उच्चार 'पु', जुना उच्चार 'पुक' असा काहीसा धरतात, तो तडकण्याचाच आवाज असावा असं बरेच जण म्हणतात.

मग भेगेशेजारी सुरीने कोरून ठेवायचे की काय विचारलं होतं. साधारण इ.स.पू. १२५० च्या आसपास राजा वू तिंग होता, त्याच्या काळातली सगळ्यात जास्त. राजाचा दात दुखतोय, तर कुठला वारलेला काका कोपलाय? एका कवचावर एकेकाचं नाव घेऊन विचारलंय, याने केलं का, याने नाही केलं का. होकारार्थी प्रश्न एका बाजूला, नकारार्थी दुसऱ्या बाजूला. पाऊस पडेल का, स्वारी करू का, शिकार मिळेल का.

आणि सगळ्यात प्रसिद्ध म्हणजे राणी फू हाओचं. ही बाई सैन्य घेऊन लढाईला जायची, तिची थडगं १९७६ मध्ये न लुटलेलं सापडलं, कांस्याची भांडी, कुऱ्हाडी, जेडचा ढीग. तर तिच्या बाळंतपणाबद्दल विचारलंय, सुखरूप होईल का? राजाने भेग वाचून सांगितलं, तिंग दिवशी झालं तर चांगलं, कंग दिवशी झालं तर फारच उत्तम (आपल्या वारांसारखी ही त्यांच्या दिवसांची नावं). आणि पुढे नंतर कोरलंय: एकतीस दिवसांनी, च्या-यिन दिवशी झालं, चांगलं झालं नाही. मुलगी झाली.

बाकी म्युझियम अर्धवट बघून मी तिथेच उभी राहिले. सव्वातीन हजार वर्षं आणि पहिल्याच पानावर हे.

आजोबा_बोरिवलीकर

सौ. ला वाचून दाखवले. ती काही बोलली नाही.

उनाडपाखरू

थडगं 'तिची' नाही 'तिचं' :) बाकी अंगावर काटा.

एक शंका. आपली सिंधू लिपी अजून कुणाला वाचता येत नाही, मग ही तीन हजार वर्षांपूर्वीची लिपी गेल्या शंभर वर्षांत कशी वाचली? का चीन सरकार ठोकून देतंय?

शाईबोटे

दुरुस्तीबद्दल थँक्यू, मोबाईलवरून लिहितेय.

ठोकून नाही देत. फरक असा की सिंधू लिपीचा धागा मध्येच तुटला, पुढे कुणी ती चालू ठेवली नाही, आणि भाषा कोणती हेही नक्की नाही. इथे धागा तुटलाच नाही. साधारण इ.स. १०० मध्ये शू शन नावाच्या माणसाने एक कोश पूर्ण केला, ९,३५३ अक्षरं, ५४० गटांत लावलेली, प्रत्येकाचं जुनं रूप आणि ते कसं बनलं याचं स्पष्टीकरण. त्याच्या वेळी ही हाडं जमिनीखाली होती, त्याला कल्पनाही नव्हती, पण त्याने दिलेली जुनी रूपं म्हणजे मधली पायरी झाली. आजचं अक्षर, तिथून शू शनचं, तिथून कांस्याच्या भांड्यांवरचं, तिथून हाडावरचं, असं खाली उतरत जाता येतं. शू शनची काही स्पष्टीकरणं हाडं सापडल्यावर चुकीची ठरली, तो भाग वेगळा.

दुसरं म्हणजे १९१७ मध्ये वांग ग्वोवेइ यांनी हाडांवरची राजांची नावं लावून बघितली तर ती इ.स.पू. पहिल्या शतकातल्या सीमा छ्यान या इतिहासकाराच्या यादीशी जवळजवळ जुळली. तोवर शांग घराणं खरं होतं की पुराणातलं यावर वाद होता.

सगळं वाचून झालंय असं मात्र नाही. वेगवेगळी अक्षरं साधारण साडेचार हजार, त्यातली नक्की उलगडलेली एक तृतीयांशाच्या आसपास. आन्यांगच्या लिपी म्युझियमने नवीन एक अक्षर पुराव्यासकट उलगडणाऱ्याला एक लाख युआन बक्षीस लावलंय. लागा कामाला.

कोडमोडी

एक लाख युआन म्हणजे बारा लाखांच्या आसपास, पर अक्षर. राजीनामा टाकतोय.

सिरीयसली, मला एक कळत नाही. हाडांवरची सगळी चित्रं उभी का असतात? एका व्हिडिओत बघितलं, घोडा, डुक्कर, कुत्रा सगळे शेपटीवर उभे केल्यासारखे, पाय एका बाजूला. असं कोण काढतं.

शाईबोटे

अरे हा भारी प्रश्न आहे. कारण बहुधा असं की ते मुळात हाडावर लिहीतच नव्हते, निदान रोजचं तरी. रोजचं लिहिणं ब्रशने बांबूच्या पट्ट्यांवर, आणि पट्टी असते अरुंद, जेमतेम सेंटिमीटरभर किंवा त्याहून कमी. त्यात आडवा घोडा मावतो का? उभा करावा लागतो. त्या काळच्या पट्ट्या कुजून गेल्या, एकही मिळाली नाही, पण हाडांवर 'पुस्तक' यासाठी जे अक्षर आहे ते चक्क उभ्या पट्ट्या आणि त्यांना गुंफणारी दोरी असं आहे. म्हणजे वस्तू गेली पण तिचं चित्र मागे राहिलं. वरून खाली लिहायची सवय पण तिथलीच.

म्हणून मला वाटतं की आपण 'हाडांवर लिपी जन्मली' म्हणतो तेही तितकंसं बरोबर नाही. हाडांवर दिसते तेव्हा ती चांगली वयात आलेली आहे, आवाजाचे तुकडे, उसनवारी सगळं आहे. त्याआधीची मडक्यांवरची चिन्हं आहेत, च्याहूच्या कासवाच्या कवचांवरची तर साडेआठ हजार वर्षांपूर्वीची, पण ती लिपी की नुसत्या खुणा यावर मारामाऱ्या चालू आहेत. माझं मत विचाराल तर खुणा. सुट्या दोन-चार चिन्हांना लिपी म्हणायचं तर धोब्याच्या खुणाही लिपी.

नुसताच_वाचक

ते चार डोळ्यांच्या माणसाचं काय?

शाईबोटे

त्सांग च्ये. पौराणिक गोष्ट आहे, पिवळ्या सम्राटाचा कारकून, चार डोळे, पक्ष्यांच्या पायांचे ठसे बघून अक्षरं शोधली. तेव्हा आकाशातून धान्य पडलं आणि रात्री भुतं रडली. भुतं का रडली यावर पंडितांनी बरंच लिहिलंय. लिहून ठेवलेलं नाकारता येत नाही म्हणून रडली असणार, असं आपलं मला वाटतं.

मोडीत_निघालेला

मोडी शिकतोय म्हणून विचारतो. आपल्याकडे हात न उचलता भराभर लिहायचं म्हणून मोडीची वळणं तशी झाली. चिनीत तसं काही झालं का? का सम्राटाने हुकूम काढला आणि लिपी बदलली? इतिहासात असंच शिकवलं होतं, छिन सम्राट वगैरे.

शाईबोटे

हुकूम निघाला, पण बदल घडवला कारकुनांनी. इ.स.पू. २२१ मध्ये छिन सम्राटाने सगळी राज्यं जिंकली, राज्याराज्यांत अक्षरांची रूपं वेगळी होती, तर प्रधान ली स यांनी एक प्रमाण वळण ठरवलं, त्याला लघु मुद्रालिपी म्हणू. अतिशय देखणी, सारख्या जाडीच्या गोलसर रेघा, आजही शिक्क्यांवर तीच असते. पण ही लिहायची म्हणजे दिवसाला दोन कागद होतील. राज्य चालवायचं तर कर, खटले, धान्याचे हिशेब, ते कोण लिहिणार?

१९७५ मध्ये हूपे प्रांतात श्वेइहूती इथे एका माणसाचं थडगं सापडलं. नाव शी, छिन काळातला कायद्याचं काम बघणारा साधा तालुका लेव्हलचा कारकून, इ.स.पू. २१७ च्या सुमारास वारला. त्याच्या सांगाड्याभोवती शवपेटीत अकराशेहून जास्त बांबूच्या पट्ट्या. दागिने नाहीत, फायली! कायदे, तपास कसा करायचा, जबानी कशी घ्यायची. आणि अक्षर बघितलं तर सम्राटाची ती सुबक लिपी नाही, गोल रेघा मोडून सरळ फटकारे मारलेली भराभर लिपी, तिलाच लिशू म्हणजे कारकुनी लिपी म्हणतात. पुढे छिननंतरच्या हान घराण्याच्या काळात तीच रीतसर झाली, तिच्यातून आजचं वळण आलं. चित्र संपलं ते इथे. घोड्याचे पाय चार ठिपके झाले, माशाची शेपटी पण चार ठिपके झाली, आता सांगा यात चित्र कुठे. मोडीशी तुलना करायची तर खरं म्हणजे त्यांच्या 'गवती' लिपीशी करायला हवी, ती हात न उचलता लिहितात. तिचंच अजून सुटसुटीत रूप होत होत जपानी हिरागाना आली.

उनाडपाखरू

पण शेवटी इतकी हजारो अक्षरं कशाला, सरळ रोमन करून टाकायची ना. आपण किती सुखी, बावन्न अक्षरं आणि बाराखडी.

शाईबोटे

करायला निघाले होते की. १९५८ मध्ये फिनयिन म्हणजे रोमन लिप्यंतर मंजूर झालं, त्यात चौ यौक्वांग या अर्थतज्ज्ञाचा मोठा हात, हा माणूस १११ वर्षं जगला. पण ते शाळेत उच्चार शिकवण्यापुरतं राहिलं, आणि आता सगळे मोबाईलवर त्यानेच टाइप करतात. 'शी' टाइप केलं की डझनावारी अक्षरं समोर येतात, त्यातून निवडायचं. नुसत्या रोमनमध्ये लिहिलं तर ही सगळी एकसारखीच दिसतील, अडचण कळली ना. शिवाय टाइप करून करून हाताने लिहायचं विसरायला झालंय, त्याला त्यांच्याकडे म्हणच आहे, पेन उचललं की अक्षर विसरलं.

अवांतर पण आपल्या कामाचं: रोमनपेक्षा देवनागरी चिनीला जास्त मानवते. फिनयिनमधला बी म्हणजे 'प' आणि पी म्हणजे 'फ', जी म्हणजे 'क' आणि के म्हणजे 'ख'. इंग्रजांना हा फरक ऐकू येत नाही, आपल्याला सहज येतो. आणि गंमत म्हणजे हे चिन्यांना पण आपल्याकडूनच कळलं. बौद्ध ग्रंथांची भाषांतरं करताना संस्कृत वर्णमाला त्यांच्या भिक्षूंच्या हाती लागली, त्यावरून त्यांनी स्वतःच्या भाषेतल्या छत्तीस व्यंजनांचा तक्ता बनवला. त्यातली एक ओळ अशी: च्येन, शी, छ्युन, यी. आज काहीच बोध होत नाही. तेव्हाच्या उच्चारात त्यांची सुरुवात क, ख, ग, ङ अशी होती. 'घ' त्यांच्याकडे नाही म्हणून गाळला, बाकी आपला कवर्ग! क्लासमध्ये सरांनी हे फळ्यावर लिहिलं तेव्हा मी मोठ्याने हसले होते.

सोलापुरी_चादर

रोज वाचतोय, आज लॉगिन केलं. आमचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस, शाळेच्या सहलीत त्यांच्या स्मारकात गेलो होतो, त्यांचं चिनी नाव 'के दीहुआ' असं काहीतरी सांगितलेलं आठवतं. ते कसं पडलं आणि त्याचा अर्थ काय?

शाईबोटे

वा, बरं विचारलंत. १९३८ मध्ये भारतातून पाच डॉक्टर चीनला गेले होते, त्या पाचही जणांच्या चिनी नावाच्या शेवटी 'ह्वा' जोडलं, ह्वा म्हणजे चीन. नागपूरचे डॉ. चोळकर होते त्यांच्याही. कोटणीसचा 'को' म्हणून खअ, द्वारकानाथचा 'द' म्हणून ती, आणि ह्वा.

आता अक्षरं फोडून बघू. पहिलं 'खअ': डावीकडे झाड, उजवीकडे एक तुकडा जो फक्त 'खअ' म्हणायला आहे. हाच तुकडा पाण्याच्या खुणेला जोडला की नदी होते, पण तिचा उच्चार आज 'ह', कारण दोन-तीन हजार वर्षांत आवाज सरकले आणि अक्षर तिथेच राहिलं. दुसरं 'ती': परत डावीकडे झाड, आणि उजवीकडचा तुकडा म्हणजे त्या कारकुनी लिपीच्या नावातल्या 'लि'चं आजचं रूप, इथेही आवाजासाठी. तिसरं ह्वा: डॉक्टर गेले तेव्हा हे फुललेल्या झाडासारखं भरगच्च अक्षर होतं, मूळ अर्थ फूलच. १९५६ मध्ये सरकारने अक्षरं सोपी केली त्यात ते फूल गेलं आणि वर 'ह्वा' आवाजाचं दुसरंच एक अक्षर आणि खाली दहाचा आकडा बसवला. तैवान आणि हाँगकाँगमध्ये अजून फूलच लिहितात.

म्हणजे तीन अक्षरं, आणि अर्थाने बघायला गेलात तर झाड, झाड आणि दहा. कोटणीस काही सापडायचे नाहीत. आवाजाने वाचा, लगेच सापडतात.

सोलापुरी_चादर

आणि मुलाचं नाव? यिनह्वा ना?

शाईबोटे

हो. भारताला चिनीत 'यिनतू', त्यातला यिन, आणि ह्वा चीनचा. इथेही यिन आवाजासाठीच घेतलाय. सुटा यिन म्हणजे शिक्का. हाडांवर तो असा कोरलाय: एक माणूस गुडघे टेकून बसलाय आणि वरून एक हात त्याचं डोकं दाबतोय.

आजोबा_बोरिवलीकर

हे चित्र कोणी त्या ट्रेनर सरांना दाखवू नका. पुढच्या स्लाइडवर येईल.